झाकलेलं ताट

साडी हातात आली की धुरपदाबाई ती आधी उलटी करते. समोरची जर, वेलबुट्टी, टिकल्या हे सगळं गिऱ्हाइकाला भुलवायला असतं, खरं काय ते मागच्या बाजूला लोंबत असतं, असं तिचं ठाम मत आहे. सुरतेतल्या नवागामच्या तिच्या गल्लीत घरोघरी बायका एम्ब्रॉयडरीच्या साड्यांचे धागे कापतात. मार्केटातून गठ्ठे येतात, संध्याकाळी परत जातात. धुरपदाबाईच्या हातून गेलेल्या साडीत लोंबता धागा सापडला असं आजवर कोणी म्हटलं नाही. पंचाईत एवढीच की हीच नजर तिनं माणसांनाही लावली. साडी बिचारी गप्प राहते, पण माणसाला कोणी असं उलटंपालटं करून बघितलेलं खपत नाही.

दूधवाला हसून बोलला की त्या दिवशी दुधात पाणी जास्त. शेजारीण भाजीची चव छान म्हणाली की तिला काहीतरी मागायचं आहे. धाकटा दीर भाईदास लूमच्या खात्यावरून, म्हणजे कारखान्यातून, येताना कधी खमण घेऊन आला, तर पुडी उघडायच्या आधी हिचा प्रश्न तयार, "आज काय बिघाडी उना रे भाऊ?" तिचा नवरा निंबा होता तोवर या सगळ्यावर हसायला घरात कोणीतरी होतं. शिंदखेड्याकडच्या गावाहून पॅसेंजर गाडीनं बायको आणि भावाला घेऊन तो सुरतेला आला आणि जन्मभर लूमच्या खात्यात आवाज सोसत राबला. तो म्हणायचा, हिला देव भेटला तरी ही आधी त्याच्या पाठीमागं जाऊन बघेल. निंबा गेला आणि घरातलं ते हसू गेलं. संशय तेवढा राहिला, आणि त्याला आता अडवणारं कोणी नव्हतं.

हा स्वभाव जन्माचा की सिनेमाचा, याबद्दल घरात दोन मतं आहेत. सिनेमाची गोष्ट अशी. तिचा मुलगा गजेंद्र तेव्हा मांडीवर होता आणि सरलाबाई, म्हणजे भाईदासची बायको, नुकतीच लग्न होऊन आली होती. खात्याच्या शेठनं दिवाळीला खूश होऊन थिएटरचे दोन पास दिले. पुरुषांची खात्यात पाळी होती, म्हणून दोघी जावा बाळाला घेऊन गेल्या. सिनेमा काळापांढरा, त्या काळीसुद्धा जुनाच. मोठं घर, तीन भाऊ, तापट सासरा. मधल्या मुलाला सासऱ्यानं घराबाहेर काढलेलं आणि त्याचं नाव काढायची घरात बंदी. मोठी सून म्हणजे गरीब गाय. धाकटी शहरातली, गोड बोलणारी, आल्यापासून कोपऱ्यात कुजबुजणारी. एका संध्याकाळी ही धाकटी डोक्यावरून पदर ओढून, हातात झाकलेलं ताट घेऊन मागच्या दारानं बाहेर पडते. मोठी खांबाआडून बघते. वीज कडाडते, सगळी वाद्यं एकदम वाजतात आणि मध्यंतर होतं.

त्या वाजण्यानं गजेंद्र दचकून उठला आणि त्यानं जो भोंगा लावला तो बंदच होईना. धुरपदाबाई त्याला घेऊन बाहेर व्हरांड्यात गेली. मध्यंतर संपल्याची घंटा झाली तरी ती आत गेली नाही. आता बघायचं काय राहिलं होतं? चोर तर सापडला होता. ती भज्यांच्या गाडीजवळ बाळाला हलवत उभी राहिली, आणि बऱ्याच वेळानं हात भरून आले तेव्हा तिनं दारवानाकडून सरलेला बाहेर बोलावून घेतलं. त्या दिवसापासून तो अर्धा सिनेमा तिच्या घरातला कायदा झाला. झाकून नेलं ते चोरून नेलं. कोणी कुजबुजलं, कोणी कपाटाला कुलूप लावलं की ती म्हणायची, "सिनेमामा असंच व्हयेल व्हतं." सरला मान हलवायची आणि कामाला लागायची. तो सिनेमा पुढे टीव्हीवर कधी तिच्या नजरेस पडला नाही. पडला असता तरी तिनं मध्यंतर झाल्यावर टीव्ही बंदच केला असता.

या कायद्याचा पहिला बळी तिची सून जयश्री. गजेंद्रचं लग्न झालं, घरात दोघी जावा, भाईदास, त्याचा मुलगा छगन आणि हे नवं जोडपं, असा एका चुलीवरचा संसार चालला होता. जयश्रीची आई शहरातच कतारगामला राहायची. ती आजारी पडली तेव्हा जयश्री एक दिवसाआड डबा घेऊन जायला लागली. सासूला विचारायची तिला भीती वाटायची, म्हणून डब्यावर रुमाल टाकून निघायची. धुरपदाबाईनं तिला गल्लीच्या तोंडाशी गाठलं आणि धागे कापणाऱ्या सगळ्या बायकांसमोर तो रुमाल ओढला. आत दोन भाकरी आणि वरण निघालं. बायका खाली बघू लागल्या. धुरपदाबाईला मात्र वाटलं, चोरीची सुरुवात भाकरीपासूनच होत असणार.

त्या संध्याकाळी गजेंद्र आईशी भांडला. जन्मात कधी आवाज न चढवलेला मुलगा, पण त्या दिवशी त्याचा तोल गेला. आणि धुरपदाबाईच्या तोंडून ते वाक्य निघालं, जे खानदेशी आईनं मुलाला कधी बोलू नये.

"जाय, आजफाईन तुना रोट येगळा!"

आजपासून तुझा रोट वेगळा, यात काय एवढं, असं परक्या माणसाला वाटेल. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी या लोकांच्या घरी कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी, म्हणजे गव्हाच्या पोळ्यांसाठी, घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजतात. ते धुऊन, वाळवून, वेगळे दळून आणतात. तो रोट फक्त कुळातल्यांनी खायचा, परक्याला त्यातला कणसुद्धा द्यायचा नाही. भाऊ चार गावांना पांगले तरी जोवर सगळ्यांच्या मुठी एका पातेल्यात पडतात तोवर घर एक. रोट वेगळा झाला की घर मोडलं. म्हणजे धुरपदाबाईनं मुलाला नुसतं घराबाहेर काढलं नव्हतं, कुळाबाहेर काढलं होतं.

गजेंद्र जयश्रीला घेऊन सुरतेतच भेस्तानला भाड्याच्या खोलीत गेला. त्याचं नाव या घरात काढायचं नाही, असं धुरपदाबाईनं सांगून टाकलं आणि कोणी काढलंही नाही. तेव्हापासून दर श्रावणात ती गहू मोजताना भाईदासची मूठ टाकायची, छगनची टाकायची, आणि मग हात पोत्यात तसाच थोडा वेळ ठेवायची. मग रिकामा बाहेर काढायची. आपण बरोबर केलं असं ती स्वतःला बजावायची, आणि त्या दिवशी तिला जेवण जायचं नाही.

यंदा श्रावण लागला आणि तिला सरलेची लक्षणं ठीक दिसेनात. एरवी स्वयंपाकघरातून मोठ्यानं फोनवर बोलणारी सरला फोन वाजला की गच्चीवर जायला लागली. एकदा धुरपदाबाई वाळवण बघायच्या निमित्तानं मागोमाग गेली, तर सरलेनं "मंग बोलसू" म्हणून फोनच ठेवला. मग सरलेनं तिच्याकडे जुन्या साड्या मागितल्या, त्याही निवडून निवडून मऊ. गोधडी शिवायची म्हणाली. शिवलीही, पण ती गोधडी घरात कुठे अंथरलेली दिसेना. बिछायत आधी गोळा होते, माणसं मागून निघतात, हे धुरपदाबाईनं मनात टिपून ठेवलं. भाईदासही तिच्या नजरेला नजर देत नव्हता. तसा तो कधीच देत नसे, पण आता तिला त्यातही काहीतरी दिसायला लागलं.

खरा घाव घातला तो चंचलबेननं. गल्लीच्या नाक्यावर तिची पिठाची घंटी, म्हणजे गिरणी, आहे. कानबाईच्या दिवसांत ती आधी घंटी धुऊन घेते आणि मग खानदेशी बायकांचे रोटाचे गहू दळते. धुरपदाबाई आपले गहू घेऊन गेली तेव्हा ती सहज म्हणाली, "तमारी देराणी तो काले ज दळावी गई, बेन. तमारा जुदा छे?"

जाऊ कालच दळून घेऊन गेली, तुमचे वेगळे का, हे समजायला गुजराती येण्याची काही गरज नव्हती. धुरपदाबाईनं "हा, जुदा छे," म्हणून वेळ मारून नेली आणि चंचलबेन काट्यावर पीठ कमी भरते का, हे बघायचंसुद्धा ती त्या दिवशी विसरली.

दुपारी सरला गठ्ठे पोचवायला गेल्यावर तिनं शोधाशोध केली. तांदळाच्या डब्यामागे फडक्यात बांधलेलं पीठ मिळालं. तिनं पुरचुंडी हातावर तोलली. चाळीस वर्षं मुठी मोजणारा हात तो, त्याला काटा लागत नाही. दोन पुरुषांचे गहू होते. एक भाईदास, एक छगन. हिशेब इतका सरळ होता की तिला रडूच कोसळलं.

म्हणजे दीर आणि जाऊ वेगळे होणार. कानबाईला आधी रोट वेगळा करणार आणि मग खोली बघणार. आणि ते गेले की? निंबा नाही. गजेंद्रला आपणच काढलं. ज्या घरात पुरुष नाही त्या घरात कोणाच्या नावानं मूठ टाकायची? पुढच्या श्रावणात कानबाईपुढे आपण बसू आणि आपलं पातेलं रिकामं असेल. पण रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले, पुरचुंडी जशी होती तशी ठेवली आणि ठरवलं, आज बोलायचं नाही. आज बोललं तर सरला गोड बोलून निसटेल. धरायचं ते ताटासकट, भाऊबंदांच्या देखत.

रविवारी घर माणसांनी भरलं. भाऊबंद आले, कानबाई सजली, नथ चढली, बायकांनी गाणी धरली. धुरपदाबाई गात होती, पण डोळे सरलेच्या पदरावर. सरला स्वयंपाकघरात गेली की हिला तहान लागायची. सरला अंगणात गेली की हिला तुळस आठवायची. नैवेद्य झाला, सगळ्यांनी रोट खाल्ला. उन्हं उतरली. बायकांचं गाणं रंगात आलं आणि सरला हळूच उठली.

धुरपदाबाई खांबाआड उभी राहिली. घरात खांब तो एकच, गच्चीचा जिना पेलणारा, आणि त्याआड तिचं अर्धंच अंग मावत होतं. मागचं दार करकरलं. डोक्यावरून पदर, काखेत पिशवी, हातात कापडानं झाकलेलं ताट. वीज तेवढी कडाडली नाही.

"थांब!" धुरपदाबाई ओरडली. "काय ली जाई राहिनी वं झाकीसन?"

गाणं थांबलं. माणसं मागच्या दाराशी जमली. सरला पांढरी पडली. "बाई, आत चाला. लोके देखी राहिनात."

"देखू दे! आज समदासले देखू दे!" आणि तिनं कापड ओढलं.

ताटात रोट होते, वाटीत खीर होती, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी होती. घरात शिजलं तेच सगळं. भाईदास पुढे झाला. "वैनी, काय करी राहिन्यात?"

"मी काय करू? तुम्हीच सांगा, कव्हय येगळं व्हणार शेत? हाई पीठ दोन गड्यासनं शे, मी हातवर तोलेल शे. तू आनि तुना आंडोर. मंग मना पातेलामा काय ऱ्हास रे भाऊ?" भांडायला उभी राहिलेली बाई सगळ्यांसमोर लहान मुलीसारखी रडायला लागली. "मी एकली बाई. मी कोनी मूठ मोजू?"

सरलेनं ताट उंबऱ्यावर ठेवलं आणि जावेचा हात धरला.

"बाई, ती गजेंद्रनी मूठ शे. तुम्ही मोजत नही म्हनीसन मी मोजस. दर साल मोजस आनि भेस्तानले नेई देस. तो इथं उना नही ते चाली, पन कानबाईपुढे त्यानी मूठ चुकाले नको."

धुरपदाबाईनं पदरानं नाक पुसलं. इतकी रडली तरी हिशेब ती विसरली नव्हती.

"आनि दुसरी?"

सरलेनं नवऱ्याकडे बघितलं. भाईदासनं मान खाली घातली.

"दुसरी तुमना नातूनी," सरला म्हणाली. "फागुनमा व्हयना. नाव काढानी बंदी करेल व्हती तुम्ही, मंग कोन सांगी?"

मऊ साड्यांची गोधडी कोणाला लागते ते धुरपदाबाईला आता कोणी सांगायची गरज नव्हती. काखेतल्या पिशवीतून तिचं टोक बाहेर आलं होतं, आणि त्यावर तिचीच जांभळी साडी होती, गजेंद्रच्या लग्नात नेसलेली. ती उंबऱ्यावरच बसली. लाज वाटत होती, आणि त्या लाजेच्या आत कुठेतरी आनंदही होता.

"तुले हाई कोनी शिकाडं?" तिनं विचारलं.

"तुम्हीच," सरला म्हणाली. "तुम्हीच ते मले सिनेमाले ली गयथात. तुम्ही गज्याले लईसन बाहेर गयात, मी आत बठेल व्हतू. बाई, ती धाकली चोर नही व्हती. ज्याले सासरानी काढेल व्हतं ना, त्या मधला आंडोरले ताट ली जाये ती. मी तव्हयच मनमा धरं, आपला घरमा कोनावर अशी येळ उनी ते आपन बी असंच करानं."

"मंग तू मले सांगं काबर नही? इतला सालमा?"

"तुम्ही कधी इचारंच नही, बाई. तुम्ही सांगत ऱ्हायन्यात, मी आयकत ऱ्हायनू."

धुरपदाबाई उठली. तिनं ताटावरचा एक रोट बोटानं सारखा केला, ओढलेलं कापड झटकलं आणि पुन्हा नीट झाकलं. चारही टोकं आत खोचली. मग ताट तिनं स्वतःच्या हातात घेतलं आणि सरलेला म्हणाली, "चाल. रिक्षा मिळी का आते?"

रिक्षात दोघी दाटीवाटीनं बसल्या. ताट धुरपदाबाईच्या मांडीवर, गोधडी सरलेच्या. रस्त्यात खड्डा आला की धुरपदाबाई ताटावर दोन्ही हात ठेवायची. बाहेर गल्ल्यागल्ल्यांतून कानबाईची गाणी ऐकू येत होती. धुरपदाबाईनं हळूच विचारलं.

"मंग शेवट काय व्हस वं त्या सिनेमाना? ती मोठी जास का त्याना घर? तो घरमा लेस का तिले?"

सरलेनं गोधडी मांडीवर सारखी केली. "शेवट मी बी नही दखा. तुम्ही बोलायी लिधं मले बाहेर. हात भरी उनात म्हनीसन."

धुरपदाबाईला आठवलं. भज्यांची गाडी, रडून लाल झालेला गजेंद्र, आणि आतून धावत आलेली सरला. शेवट आपणच बुडवला होता, स्वतःचाही आणि तिचाही. आता विचारायचं कोणाला?

भेस्तानला दुसऱ्या मजल्यावर दार जयश्रीनं उघडलं. खांद्यावर बाळ होतं, त्याचं तोंड तिच्या मानेत खुपसलेलं. सरलेला बघून ती हसली. "काकू, आज उशीर..." आणि मग तिला मागे उभी असलेली सासू दिसली, हातात ताट घेतलेली. हसू गेलं. बाळावरचा हात घट्ट झाला. दार तिनं बंद केलं नाही, पण अर्धं लोटून घेतलं.

तिनं सासूच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग ताटाकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. ही नजर धुरपदाबाईच्या ओळखीची होती. साडी उलटी करून बघतानाची ती नजर तिची स्वतःचीच होती, आणि आपल्यावर ती पडली की कसं वाटतं हे तिला या वयात पहिल्यांदा कळलं. आतून गजेंद्रनं "कोन शे?" म्हणून विचारलं.

"यामा काय शे?" जयश्रीनं सासूला विचारलं.

रागवायचा हक्क आपण केव्हाच घालवला आहे हे धुरपदाबाईला ठाऊक होतं. तिनं ताट पुढे केलं. आतली वाटी किणकिणली.

"उघाडी देख, माय," ती म्हणाली. "तूच उघाड."

जयश्रीनं हात पुढे केला. बोटं कापडाच्या टोकापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. गल्लीतला तो दिवस दोघींनाही आठवत होता, ओढलेला रुमाल, खाली बघणाऱ्या बायका, दोन भाकरी. बाळ कुरकुरलं. जयश्रीनं हात मागे घेतला आणि दार पूर्ण उघडलं.

"ऱ्हाऊ द्या. झाकेलच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आत या."